रेखाचा अबोला

२४ ऑगस्ट २०२१, मंगळवार

निळी खूण उमटली म्हणजे बाईने ऐकलं. ऐकलं तर बोलायला काय तोंडात लाडू आहे? सकाळपासून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवतेय. सगळे निळे. उत्तर नाही. मी काय भिंतीशी बोलते?

रागाच्या भरात वर श्री लिहायचं राहिलं. श्री.

अवधूत म्हणाला, आई, लॉकडाउनमध्ये डोकं फिरेल तुझं, रोज थोडं लिहीत जा. तिसरी पास बाईने काय लिहायचं? पण लिहिते. ह्या घरात माझं वाचणार कोण? लेकाला वेळ नाही, सूनबाई मयूरा सदा मीटिंगमध्ये, आणि नात ऋता 'क' बघून विचारते, आजी, इज दॅट अ बटरफ्लाय?

तर रेखा. दोघी ऑस्ट्रेलियातच, पण ती तिकडे वर टूवूंबाला मुलाकडे, मी मेलबर्नच्या टार्निटला मुलाकडे. भेट कधीच नाही. मेधाताईंच्या झूमवरच्या भजनात ओळख झाली. अभंग चालू असताना आम्ही दोघी गुडघेदुखीवर बोलत होतो आणि माइक उघडे. सिडनीकडच्या वेस्टमीडचे दत्तूभाऊ हसले, त्यांचाही उघडा. मेधाताईंनी तिघांनाही बाहेर काढलं. मग आमचा ग्रुप झाला, 'खिळखिळे'. रोज सकाळी हजेरी. आज काय दुखतं ते आवाजात सांगायचं, दुसऱ्याने त्यावर टोमणा मारायचा. 'काळजी घे' म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने एकट्याने आख्खी आरती म्हणायची.

शनिवारी रेखा म्हणाली, पद्मे, मी छातीचं बघायला अॅडमिट होतेय. मी दाखवलं की तू दाखवायचं असं ठरलंय, आता तू तुझी गाठ दाखव. दाखवत नाहीस तोवर तुझ्याशी बोलणार नाही, देवाशपथ.

म्हणजे हा अबोला. बरं. बघू कोण आधी हरतं.

२५ ऑगस्ट

गाठीबद्दल एकदाच लिहिते. डावीकडे, काखेच्या बाजूला. आवळ्याएवढी. चरबीची आहे. माझ्या आत्यालाही होती. आत्या गेली, पण ती दुसऱ्या कशानेतरी.

दुखत नाही. न दुखणारी वस्तू दाखवायची कशाला? एका रेखाला सांगितलं, तीच चूक. शिवाय लॉकडाउन. पाच किलोमीटरपलीकडे जाऊ देत नाहीत. (दवाखाना दुधाच्या दुकानाशेजारीच आहे, ती गोष्ट वेगळी.)

रेखा घरी आली की दुसऱ्या दिवशी दाखवणार. पक्कं.

२८ ऑगस्ट, शनिवार

आज जोरात पाठवलं. म्हटलं, काय गं रेखे, मेलीस की काय? मेली असशील तर तसं कळव, तुझी हजेरी दुसऱ्या कोणाला देते. यमाने दारातूनच परत पाठवलं असेल, ही बडबड कोण ऐकणार म्हणून.

निळी खूण. गप्प.

ग्रुपवर माझ्या बद्धकोष्ठाची हजेरी दिली. एरवी दत्तूभाऊ अशा विषयावर दिवसभर खेळतात. आज म्हणाले, पद्मावहिनी, काळजी घ्या. धरलं त्यांना! आरती म्हणा म्हटलं. म्हणाले बिचारे, सगळी कडवी. मधेच आवाज फाटला. म्हटलं, भाऊ, गळ्यात एरंडेल सोडा. वय झालं आता त्यांचं.

२ सप्टेंबर

दत्तूभाऊंनी मला एकटीला फोन केला. म्हणाले, वहिनी, गाठ दाखवलीत का?

म्हणजे रेखाने फोडलं! माझ्याशी अबोला आणि ह्यांच्याशी गप्पा. विचारलं, काय म्हणते महाराणी? ते म्हणाले, शांत आहेत. म्हटलं, ती? ती झोपेतही शांत नसेल. म्हणाले, आता आराम आहे त्यांना.

आराम आहे आणि बोलायला होत नाही! दत्तूभाऊंनी घाईघाईने फोन ठेवला. नाक ओढत होते. वेस्टमीडला गारठा फार.

६ सप्टेंबर

दुपारी जुने आवाज ऐकत पडले. एक संपला की फोन आपोआप पुढचा लावतो. रेखा बोलते, मी बोलते, रेखा बोलते. तिचा खोकला, तिच्या मागची कुकरची शिट्टी. मग हळूहळू तिचं कमी आणि माझंच जास्त. शेवटी नुसती मीच. मग तेही संपलं.

स्वयंपाकघरात कोणी उभं आहे असं वाटलं. गेले. फ्रिज होता.

आजपासून दुपारी पडायचं नाही. ऊन असेल तर मागे बसायचं. ऊन नव्हतं.

१० सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मोदक. मयूराच्या सगळ्या पाकळ्या झोपल्या, माझ्या उभ्या. ऋताने सगळ्यांना व्हिडिओवरून आरती दाखवली.

दत्तूभाऊंच्या तोंडून निसटलं की टूवूंबाला यंदा गणपती बसवला नाही. का म्हणून विचारलं. म्हणाले, मूर्ती मिळाली नाही. टूवूंबाला माती मिळत नाही का? नुसता आळस. रेखाचा मुलगा राघव मोठा प्रोफेसर आहे ना, शिकलेल्यांना हात मळवायला नको.

रेखाला आवाज पाठवला, घरात गणपती नाही आणि गाल फुगवून तूच बसलीस वाटतं मखरात. निळी खूण.

११ सप्टेंबर

शेवटी मोठेपणा मीच घ्यायचा ठरवलं. पाठवलं की गाठ दाखवली, डॉक्टर म्हणाले चरबी आहे, सोड आता अबोला.

निळी खूण लगेच. उत्तर नाही.

मीच पुन्हा ऐकून बघितलं. सुरुवात 'हे बघ' अशी आहे. रेखा म्हणायची, पद्मे, तू खोटं बोलायच्या आधी 'हे बघ' म्हणतेस. ओळखलं सटवीने.

१५ सप्टेंबर

डावीकडे ब्लाउज घट्ट होतो. मोदक नडले. उद्यापासून एकच पोळी.

१६ सप्टेंबर

आज मयूराने थालीपीठ केलं होतं. थालीपीठ पोळीत धरत नाहीत.

२२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी भूकंप. मेलबर्नमध्ये! मी ओट्याशी उभी. कपाटातले पेले वाजायला लागले, जमीन सरकली. मला वाटलं, माझंच काहीतरी झालं. हात आधी गाठीवर गेला, मग ओट्यावर. ऋता लॅपटॉपवरून ओरडली, आजी, अर्थक्वेक, कूल! तिच्या सुट्टीतल्या चित्रकलेच्या क्लासच्या टीचरही ओरडत होत्या.

थांबल्यावर घर इतकं गप्प झालं की मी मोठ्याने म्हटलं, कळलं गं बाई, जाते.

मग फोन उचलून तेच रेखाला पाठवलं. म्हटलं, जमीन हलवायची काय गरज होती? जाते म्हटलं ना. तुझा अबोला जड व्हायला लागलाय. घरात बसलेला दिसतो मला.

हे शेवटचं वाक्य कशाला बोलले कोण जाणे. परत घेता येतं म्हणतात, मला येत नाही. निळी खूण झालीच होती.

२४ सप्टेंबर

मयूराला सांगितलं. भांडी विसळताना, पाठ करून. तिने चालू मीटिंगमध्ये लॅपटॉप मिटला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, आई, कधीपासून आहे? म्हटलं, कालपासून. तिने चावी घेतली.

डॉक्टर कोवळी पोरगी, हिंदी बोलणारी, मास्कवर काच लावलेली. आंटीजी आंटीजी करत होती. गाठीवर बोट आलं आणि आंटीजी बंद झालं. परत परत तिथेच दाबून बघितलं. मग माझ्याऐवजी मयूराशी बोलायला लागली, इंग्रजीत, भरभर. फोटो काढायचा, सुई घालायची, लवकर.

घाई करतात हे लोक. त्यांचाही धंदा आहे.

घरी येऊन रेखाला पाठवलं. 'हे बघ' न म्हणता. म्हटलं, दाखवली. खरंच दाखवली. आता बोल.

२९ सप्टेंबर

सुई झाली. आत मयूराला येऊ दिलं नाही, करोना. मशिनने छाती पोळीसारखी दाबली. नर्स म्हणाली, नो वरीज, डार्लिंग. ह्या वयात डार्लिंग! रेखा असती तर आठवडाभर चिडवलं असतं.

असती तर असं का लिहिलं मी. आहेच. रुसलीये.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

रेखाच्या नंबरवरून फोन आला. कणकेच्या हातानेच उचलला आणि ओरडले, हरलीस ना भवाने!

पुरुषाचा आवाज. म्हणाला, काकू, मी राघव.

म्हटलं, आईला दे. तो म्हणाला, काकू, आई गेली. सव्वीस ऑगस्टला. अॅडमिट झाल्यावर छातीत पाणी झालं, मग शुद्धच आली नाही.

मी म्हटलं, मग ऐकत कोण होतं?

तो म्हणाला, मी. आईचा फोन चालू ठेवला होता. तुमचा आवाज आला की घरात आईला कोणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. शाल्मली (त्याची बायको) ओरडायची, नको लावूस, पण स्वतःही येऊन दारात उभी राहायची. 'मेलीस की काय' ऐकलं तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो, काकू. आणि मग नीट रडलो.

कणीक वाळत होती हाताला.

मग म्हणाला, आईनेच बजावलं होतं. अॅडमिट व्हायच्या आधी. म्हणाली होती, माझं काही झालं तर पद्माला सांगू नका. ती म्हणेल, बघा, रेखा डॉक्टरकडे गेली आणि मेली, आणि घरात बसेल गाठ धरून. मी रुसले आहे असंच समजू दे. ती दाखवून आली की मग सांगा. दत्तूकाकांनाही तेच सांगितलं. तुम्ही मधे दाखवली म्हणालात, पण काका म्हणाले थांब, ते 'हे बघ'वालं होतं.

विचारलं, काकू, रागावलात का?

म्हटलं, मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर दाखवलं असतं तिला. जेवलास का? तो म्हणाला, नाही. म्हटलं, मग जेव.

फोन ठेवला. पोळ्या केल्या. सगळ्या वातड.

२ ऑक्टोबर

डोक्यावरून आंघोळ केली. नात्यातली नव्हे, सुतक लागत नाही. तरी केली.

हजेरी दिली. म्हटलं, आज काही दुखत नाही. दत्तूभाऊ म्हणाले, वहिनी, माफ करा. म्हटलं, आरती बेसूर होती, तेवढ्याची माफी मागा. दोघेही थोडा वेळ माइक उघडे ठेवून बसलो. तिसरा माइकही उघडा असल्यासारखं वाटत होतं.

मयूराने विचारलं, आई, रात्री तुमच्या खोलीत झोपू का? म्हटलं, काही गरज नाही. ती आली. परत नाही म्हणायला विसरले.

४ ऑक्टोबर, सोमवार

उद्या रिपोर्टचा फोन येणार. भीती वगैरे काही नाही. चरबीच आहे. प्रश्न भाषेचा आहे. दुभाषी देतो म्हणाले, पण तो हिंदीत सांगणार, आणि हिंदीत काहीही सांगितलं की सिरीयल वाटते.

मयूरा म्हणते, आई, ते पेशंटशीच बोलतात. म्हटलं, मग तू पेशंट हो. पद्मा म्हणून सांग, जन्मतारीख तुला पाठ आहे, आवाज जरा खरखरीत काढ. नाटकात होतीस ना कॉलेजात.

तर ठरलं. फोन ओट्यावर राहील. अवधूतने हात लावायचा नाही, त्याचं तोंडच आधी सगळं सांगतं. ऋताने तर नाहीच. मी मागे कपडे वाळत घालत असेन. मयूरानेच उचलायचा. आणि ऐकून झालं की, काहीही असो, गप्प राहायचं नाही. दारात येऊन तिथल्या तिथे बोलायचं.