मावशीच्या चॅनलचं कुलूप

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, तब्येती ठणठणीत आहेत. फोनवरचा विश्वास उडाला म्हणून पेन धरलं. मंगळवारी मेल आला, की तुमच्या चॅनलला खरेपणाची निळी खूण मंजूर झाली, इथे पासवर्ड टाका. मी हुरळून टाकला. सकाळी बघते तर आमच्या शिवणकामाच्या चॅनलवर कोणी टकलू आभासी नाणी विकतोय! गिऱ्हाइकं विचारतात, शर्ट शिवणं सोडलंत का म्हणून.

हसू येतं गं, पण नुसतं हसून भागायचं नाही. त्या चॅनलवर तुझ्या काकांच्या कटिंगचे एकशे त्रेसष्ट व्हिडिओ आहेत. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही. ते जुने हात आता तिथेच उरलेत. तू मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरांची राखण करतेस, आता मावशीसाठीही काही कर.

तुझी वेंधळी मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

एका निळ्या खुणेसाठी चोराच्या हातात किल्ली दिलीस, धन्य आहेस! असल्या मेलांना भुलू नका म्हणून मी जगाला शिकवते आणि घरात हा उजेड. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

चॅनल परत मिळवायचा अर्ज भरला. खातं उघडताना दिलेली जन्मतारीख विचारतात. तुझी ४ मे दोनदा टाकली, दोन्ही वेळा चूक. आता एकच संधी उरली आहे, तीही पंचवीस तारखेपर्यंत. ती हुकली की व्हिडिओ गेलेच समज. खातं काकांनी उघडलं होतं ना? कुठली तारीख घातली ते विचार. परवा फोनवर हाच विषय काढला तर तू बघू म्हणून फोन ठेवलास, ते काही मला कळलं नाही.

काकांना नमस्कार.
तुझी ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

फोनवर बोलू कशी? हे शेजारीच बसलेले असतात. विचारलं त्यांना. म्हणाले, तुझीच घातली, शेजारणीची कशाला घालू?

आता पुढचं वाचून पत्र फाडून टाक. माझी खरी जन्मतारीख २१ सप्टेंबर, आणि साल तुम्हाला माहीत आहे त्याच्या चार वर्षं आधीचं. मी यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघत होते, म्हणून लग्न जमवताना थोरल्यांनी ती बदलली. चाळीस वर्षं ओठांवर आलेलं गिळत आले. आता कळलं तर यांना काय वाटेल, या विचाराने या वयातही धडधडतं.

यांना खरी तारीख ठाऊकच नाही, तेव्हा त्यांनी ती घातली असणं शक्य नाही. तरी बुडत्याला काडीचा आधार. त्या हातांपुढे माझी लाज काय मोठी? हे पत्र पेटीत टाकायला मी स्वतः जाणार आहे.

तुझी मावशी

२२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

उघडलं! टकलूला हाकललं, एकशे त्रेसष्टच्या एकशे त्रेसष्ट जागच्या जागी आहेत. यापुढे पासवर्डनंतर तुझ्या फोनवर एक आकडा येईल. तो साक्षात ब्रह्मदेवाने मागितला तरी द्यायचा नाही.

पण मावशी, शेवटच्या संधीला मी तुझी खरी तारीख टाकली, आणि तीच जुळली. खातं कोणी उघडलं होतं, आठव बरं. तू सांगितलंस म्हणून पत्र फाडलं, पण उगाच फाडलं असं वाटतंय.

तुझी ठकू

१ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन तशीच यांच्यासमोर उभी राहिले. हे चष्मा पुसत म्हणाले, मी तर सांगितलं होतं, तुझीच घातली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ट्रंकेत माझा शाळेचा दाखला सापडला होता म्हणे! बोलला का नाहीत विचारलं, तर तू सांगशील म्हणून थांबलो होतो म्हणाले.

आधी हसले, मग चांगली रडले. आम्ही काय कमी भांडलो गं? उधार कापडावरून, तुझ्या आईवरून, अगदी बटणांवरूनसुद्धा. पण हा हुकमाचा पत्ता त्यांनी एकदाही खाली टाकला नाही. मला फार फार बरं वाटतंय.

काल नवा व्हिडिओ केला. कात्री मी धरते, ते बाजूला बसून सांगतात. सुरुवातीलाच मला म्हणाले, थोरल्या बाई, हात सरळ ठेवा. ते मी कापलं नाही, तसंच ठेवलंय.

लोभ आहेच, तो कुठे उसवू देऊ नकोस.

तुझी, चार वर्षांनी मोठी झालेली मावशी