बेसला कॉम्प्रेसर

उत्रोली, ता. भोर

तीर्थस्वरूप रखमाजीमामा यांस,

सोनियाचा वाकून नमस्कार. (वाकताना गिटार दाराला आपटली, म्हणून जरा घाईत.) मामींचा खोकला कसा आहे? तुमच्या कमरेचं विचारत नाही. मार्गासनीपासून इथवर ट्रॅक्टर हाकल्यावर ती ठीक असणं शक्यच नाही.

मामा, त्या दिवशी नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. धनाजीदादाच्या हळदीसाठी गाणं करतेय. आजी गाते, मी बेस गिटार वाजवते. आप्पांनी ते मोबाईलवर ऐकलं आणि विचारलं, "ह्यात तुजी गिटार कुठं हाय?" आता मोबाईलच्या टिकलीएवढ्या स्पीकरातून खर्ज यायचा कसा? पण आप्पांनी निकाल दिला: हळदीपर्यंत ऐकू आली तर ठीक, नाहीतर गिटार माळ्यावर, फुटक्या घमेल्यांशेजारी. माझा जीव त्या चार तारांत अडकलाय, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून भोरच्या मितालीला फोन लावला. गाण्यांची असली डागडुजी ती कॉम्प्युटरवर करते. ती म्हणाली, बेसमधला चिखल काढ आणि त्याला कॉम्प्रेसर लाव. (म्हणजे घुसमटलेला आवाज साफ कर आणि एक बटण दाब, की मोठा आवाज दबतो, बारीक वर येतो.) फोन स्पीकरवर, आप्पा ओट्यावर. त्यांनी 'बेस'चं 'बोअर' ऐकलं; बोअरमधला गाळही कॉम्प्रेसरनं हवा मारूनच काढतात ना! आमच्या बोअरला गढूळ पाणी येतच होतं, त्यामुळे पोरीला अक्कल आली म्हणून खूश होऊन त्यांनी तुम्हाला कळवलं. तुम्हीही काही न विचारता कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर घेऊन दारात हजर, आणि लगेच चालू! आत आजी माइकसमोर गात होती, रेकॉर्डिंग चालू होतं. तिनं सूर सोडला नाही, उलट चढवला.

तुम्ही गेल्यावर मी चिखल काढला, आवाज दाबला, तारांना थोडी खरखर दिली आणि आप्पांना ऐकवलं. त्यांची मान डोलायला लागली. "आता कसं घुमतंय बग!" गिटार वाचली. मामा, मला रडूच आलं.

तुमची भाची (गिटारीसकट),
सोनिया

ता. क. आनंदाच्या भरात पुन्हा ऐकलं, तेव्हा कळलं की बेस बंदच राहिला होता. आजीच्या मागं घुमत होता तो तुमचा ट्रॅक्टर. जमेल तेवढा ट्रॅक्टर पुसून बेस चालू केला, तर आप्पा म्हणाले, "चांगलं हुतं, घालीवलंस!" मुकाट्यानं पुन्हा बंद केला.

आणखी एक. आप्पांनी हौसेनं फर्मावलंय, की हळदीला मी मांडवात बसून वाजवायचं, अगदी तस्संच. तर मामा, बोअरला पुन्हा गाळ आलाय असं मी घरात सांगून ठेवलंय. ट्रॅक्टर मांडवामागं लावा. मी मान हलवली की चालू करा. आजीला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, "मागल्या खेपंला रेस कमी पडली, जरा वाढीव म्हनावं."