बाबा म्हणाले, फीका

२ नोव्हें., रविवार

बुद्धविहारातून साडेदहाला परत. येताना चिकन आणलं, अर्धा किलो, बोनलेस. बाबांनी कालच सांगून ठेवलं होतं, "संडे को चाऊमिन करेंगे." करेंगे म्हणजे मी करणार आणि ते खुर्ची टाकून ओट्याजवळ बसणार. एक्क्याऐंशी वर्षांचे झाले, कुकची ऐट गेली नाही. सगळी नोकरी फौजेच्या मेसमध्ये, भट्टीसमोर, शेवटची बारा वर्षं महूला. चाऊमिन (पुढे चा.मि.) ते पूर्वेकडच्या पोस्टिंगमध्ये शिकले. आम्ही लहान असताना क्वार्टरमध्ये दर रविवारी तेच.

नूडल्स उकळताना तेल टाकलं, थंड पाण्यातून काढून परातीत पसरल्या. चिकनच्या पातळ पट्ट्या, सोया सॉस, व्हिनेगर. गॅस मोठा. कोबी, गाजर, सिमला मिरची शेवटी, दोन मिनिटं फक्त. सगळं आठवणीने. चाखलंही, पण उपयोग काय. पावसाळ्यातल्या तापात जीभ गेली ती गेलीच. नाकही. लसूण जळला की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं.

बाबांना हे सांगितलेलं नाही.

विचारलं, कसं झालंय? बराच वेळ चावत राहिले. मग, "थोडा फीका है."

फीका म्हणजे मीठ कमी की तिखट कमी? आई असती तर 'अळणी' म्हणाली असती, विषय संपला असता. ती गेल्यापासून हा शब्द घरात कोणी उच्चारलेला नाही. मीठ टाकलं. वरून जीरावनचा मसाला भुरभुरला. पोह्यांवरचं जीरावन नूडल्सवर, हे बघून चिनी माणूस रडेल, पण इंदुरात ते काकडीपासून आमलेटपर्यंत कशावरही पडतं.

"अब ठीक," बाबा म्हणाले. प्लेट साफ.

५ नोव्हें., बुध.

क्लिनिकमध्ये गर्दी. तुकोगंजचा रस्ता अर्धा खोदलेला, सगळे पेशंट चिडून येतात आणि रिसेप्शनवर मी बसलेली असते.

एक बाई म्हणाल्या, "मैडम, मुँह में टेस्ट ही नहीं आता." मी फॉर्मवर लिहिलं, चव नाही, किती दिवस? "बीस दिन." वीस लिहिलं. माझे किती ते मनात मोजलं, तीन महिने होऊन गेले. डॉ. मॅडम दहा पावलांवर. उठले नाही. का, माहीत नाही. भीती वगैरे काही नाही. उठावंसं वाटलं नाही, एवढंच.

लोक म्हणतात सुनंदाच्या हाताला चव आहे. आता खरंच हातालाच विचारून स्वयंपाक चाललाय.

९ नोव्हें., रवि.

चा.मि. दुसऱ्यांदा. या वेळी हिरवी मिरची चिरून आधी व्हिनेगरमध्ये घातली. सॉस थोडा वाढवला, कारण गेल्या वेळी रंग फिका वाटला. (रंग तेवढा मला कळतो.)

बाबांनी एक घास घेतला. डोळे मिटले, अगदी साहेब चाखतात तसे. "फीका."

मीठ. परत घास. "और थोड़ा."

जीरावन. परत घास. "हाँ. अब आया मजा!"

मला दोन मिनिटं बरं वाटलं. आठवड्यात तेवढंच.

वरच्या शर्मा भाभी जिन्यात भेटल्या. "आज तो बड़ी खुशबू आ रही थी, सुनंदाजी." म्हटलं, चाऊमिन. खूश झाल्या. चिकनचं म्हटल्यावर जिन्यातच दोन पायऱ्या वर सरकल्या. बिल्डिंगभर शाकाहारी, आम्हीच काय ते कलंक.

१३ नोव्हें., गुरु.

वरण फीका. भाजी फीकी. परवा पोहे फीके. बाबा रोज सांगतात, मी रोज टाकते. म्हातारपणी जीभ मागते, असं आई म्हणायची.

बाबांची चप्पल घट्ट होतेय. मोज्याचा काठ घोट्यावर रुतून बसतो, काढल्यावर खोल रेघ. म्हटलं थंडीमुळे असेल. मोजे सैल घेतले पाहिजेत.

१६ नोव्हें., रवि.

अनिल आला. न सांगता, भोपाळहून, देवासला लग्न होतं तिथून पुढे. पाच वर्षांनी धाकटा आहे, पण आल्या आल्या मोठ्यासारखा घर तपासतो. गॅसची नळी कधी बदलली? बाथरूममध्ये हँडल का नाही?

चा.मि. तयारच होतं. बाबा ते चाखून पास करून बसले होते. त्याला वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि तो उठून बेसिनशी गेला.

"ताई, यार, हे काय आहे? नमक का पूरा डब्बा उलट दिया क्या?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली मान घालून खात होते. अर्धी प्लेट संपलेली.

"बाबा, ठेवा ते," अनिल म्हणाला. "ठीक तो है," बाबा म्हणाले आणि पुढचा घास घेतला. अनिलने प्लेट ओढून घेतली. तेव्हा त्याचं लक्ष पायांकडे गेलं. वाकून बोटाने दाबलं. खड्डा पडला, तो भरेना.

मग बरंच बोलला. मी ऐकत होते. पंखा बंद करायचा राहिला होता, नोव्हेंबरात, तो बघत होते.

त्याला सांगून टाकलं, माझी जीभ गेली आहे. तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आणि तू स्वयंपाक करतेस? त्यांच्यासाठी?"

१७ नोव्हें., सोम.

बाबांना क्लिनिकमध्ये घेऊन गेले. बी.पी. बरंच वर. डॉ. मॅडम म्हणाल्या, सूज मिठानेच आली असं नाही, किडनीची तपासणी करू, पण मीठ आजपासून अगदी कमी. "दिवसाला किती घालतेस?" मी म्हटलं, चमच्याने बघून घालते. त्यांनी कागद घेतला. सोया सॉस, त्यात मीठ. जीरावन, त्यात मीठ आणि काळं मीठ. लोणचं. पोह्यांवरची शेव. त्यावर माझा चमचा. लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी माझंही सांगितलं. रागावल्या. रोज दहा पावलांवर बसतेस, म्हणाल्या. नाकाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. काही जणांची चव परत येते, काहींना वेळ लागतो.

चिठ्ठी पर्समध्ये.

रिक्षात बाबा म्हणाले, "जीरावन में नमक होता है?" आयुष्यभर कुक! म्हटलं, मलाही नव्हतं सुचलं.

१९ नोव्हें., बुध.

आज विचारलं. दोन दिवस ओठांवर येत होतं. मला वाटत होतं की ते मुकाट्याने खारट गिळत होते, माझं मन राखायला, आणि त्याचा राग आला होता. राग यायला लागला हीच नवीन गोष्ट.

"बाबा, एवढं खारट होतं, बोलला का नाहीत?"

"मुझे क्या मालूम."

"म्हणजे?"

"तुझी आई गेली त्या सालापासून जिभेला काही कळत नाही. गरम-थंड कळतं, बस."

चार वर्षं.

"मग फीका है, फीका है, कशाला म्हणायचात?"

"तू विचारत होतीस ना. अगं, मेसमध्ये खाना पहिले साहेब चाखतात. चाखून काहीच बोलले नाहीत ना, तर कुक रातभर सोता नहीं. काहीतरी बोलायला पाहिजे. तेज म्हटलं तर तू परत सगळं करत बसशील. फीका म्हटलं तर चिमूटभर टाकशील आणि खूश होशील."

आणि मी व्हायचेही.

सांगितलं, मलाही काही कळत नाही, तापापासून. बाबा हसले, पोट हलेपर्यंत. "मतलब इतने दिन कोई चख ही नहीं रहा था!"

मलाही हसू आलं. मग आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

२२ नोव्हें., शनि.

अनिलचा फोन. त्याने आणि त्याच्या बायकोने, रोहिणीने, ठरवलंय, बाबांना भोपाळला नेणार. रोहिणी घरीच असते, मीठ-गोळ्या बघेल, हॉस्पिटल जवळ. "ताई, तुझ्यावर भरोसा नाही असं नाही. पण तू दिवसभर बाहेर, त्यात तुझं हे असं." सगळं बरोबर बोलतो. चूक सापडत नाही म्हणून जास्त त्रास होतो. पुढच्या रविवारी येणार.

मी म्हटलं, ठीक आहे.

बाबांना फोन दिला. "जैसा तुम लोग ठीक समझो," ते म्हणाले.

२३ नोव्हें., रवि.

हट्टाने चा.मि. केलं. मीठ शून्य. सॉस मोजून एक छोटा चमचा, दोघांत. जीरावनची बरणी भाभींना देऊन टाकली. आंबटपणा लिंबाचा, बाकी मिरी, आलं, लसूण, कांद्याची पात. पण चाखणार कोण? बिल्डिंगमध्ये एकही जीभ कामाची नाही.

मग सुचलं. चिकन घालायच्या आधीच भाज्या आणि नूडल्स वेगळ्या परतल्या, नव्या कोऱ्या कढईत, आणि वाटी घेऊन वर गेले. शर्मा भाभींनी तीनदा विचारलं, "चम्मच भी अलग है ना?" शपथेवर सांगितलं. बाल्कनीत उभ्या राहून त्यांनी एक घास घेतला, आकाशाकडे बघत.

"नमक तो है ही नहीं. पर... अच्छा है. नींबू थोड़ा कम. अदरक और डालो."

लिंबाचं आता काढता येत नाही, आलं टाकलं. मग कळलं की आलं घासाघासात पोचायचं तर ते जास्त बारीक हवं. पुढच्या वेळी किसायचं. 'पुढच्या वेळी' असं लिहिलंय खरं.

बाबांनी थोडंच खाल्लं. कसं आहे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. असं गप्प जेवण या घरात पहिल्यांदाच झालं. वाईट होतं.

२७ नोव्हें., गुरु.

सूज उतरली आहे. किडनीचा रिपोर्ट ठीक, बी.पी. खाली. डॉ. मॅडम म्हणाल्या, असंच ठेवा. अनिलला फोटो पाठवले, रिपोर्टचा आणि पायांचा. "व्हेरी गुड. संडे ला येतोच," असं उत्तर.

माळ्यावरून बाबांची बॅग काढली. पुसली. स्वेटर तीन, गोळ्यांचा डबा, पट्टी लावलेला चष्मा. घड्या घालताना काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्याचं सामान असावं तसं. मग त्यांची खुर्ची ओट्याजवळून उचलून आत नेली, लादी पुसायला, आणि पुसून झाल्यावर परत तिथेच ठेवावी की नको हे मला ठरवता येईना. त्या वेळी भीती वाटली. एवढ्या महिन्यांत काही आतपर्यंत लागलं आणि ते हे.

खुर्ची परत ठेवली. बाबांना विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"तू बता."

मी म्हटलं, "तुम्हाला जसं वाटेल तसं."

आणि कणीक मळायला गेले. मळता मळता लक्षात आलं. ते माझ्या तोंडाकडे बघून उत्तर ठरवणार. मी जे म्हणेन त्याला मान डोलावणार, भोपाळ तर भोपाळ. आणि मी अनिलच्या तोंडाकडे बघतेय. खरं काय ते या घरात कोणीच बोलत नाही.

३० नोव्हें., रवि. सकाळ

विहारात गेले नाही. चिकन आणलंय, अनिल जेवूनच निघणार. आलं किसून ठेवलं. नूडल्स परातीत पसरल्या आहेत.

साडेनऊला त्याचा फोन, "ताई, देवास आलं." म्हणजे पाऊण तास.

बाबा सातलाच दाढी करून तयार. खोलीत बॅग उघडी ठेवून बसलेत. मला ओट्यापाशी आवाज येतात.

"सुनी, मफलर डालूँ क्या?" टाका म्हटलं.

थोड्या वेळाने, "सुनी, ये पुरानी चप्पल?" टाका.

दोन्ही वेळा त्यांनी लगेच टाकलं नसावं. बॅग हलल्याचा आवाज आला नाही. वाट बघत असतील, मी आणखी काही म्हणेन म्हणून. मी कोबी चिरत होते.

अनिल वाईट नाही. रोहिणी त्यांची नीट काळजी घेईल, माझ्यापेक्षा नीट. मीठ मोजेल. हे सगळं खरं आहे आणि तरी मला बाबा इथे हवेत. लिहून बघितलं. लिहिता येतंय.

परत हाक आली, "सुनी, इधर आ." या वेळी वस्तूचं नाव नाही. उठते. लिहिलेलं बोलता येतंय का, बघते.