तळहातावरची उत्तरं

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम.

आलापल्लीच्या क्वार्टरच्या खिडकीला तुम्ही दाढीचा आरसा टांगायचात, आठवतं? रविवारची सकाळ असायची. तुमच्या गालभर साबणाचा फेस, हातात वस्तरा, आणि मी खाली पायरीवर तांदूळ निवडत बसलेली. मागे वळून न बघता तुम्ही आरशातूनच विचारायचात, "बाई, ऑक्टोपसले हृदयं किती?"

"तीन."

"तीन काऊन? एकात भागत नाई का त्याचं?"

"दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या अंगासाठी."

"अन् रक्त?"

"निळं!"

इतके खूश व्हायचात तुम्ही की हनुवटीवर हमखास कापून घ्यायचात. मग आई आतून ओरडायची, "आपलं लाल हाय जी! ते पुसा आधी!"

आज पत्र लिहायचं कारण मात्र तसं नाही. मला भीती वाटते आहे, बाबा. आणि ज्यांना सांगायला हवं त्यांच्यासमोर मी हसून दाखवते आहे, म्हणून तुम्ही आता नसलात तरी तुम्हाला लिहिते.

परवा रश्मी, तुमची नात, मला नागपूरला डॉक्टरकडे नेणार आहे. तिथे मला प्रश्न विचारतील. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गावात आहोत, शंभरातून सात गेले किती. असले प्रश्न तुम्ही मला कधी विचारलेच नसते. "हे त बकरीलेही येते," म्हणाला असतात. आणि या बकरीच्या प्रश्नांनी माझे हात गार पडले आहेत.

सुरुवात कशी झाली ते सांगते.

निवृत्त झाल्यावर मी ओसरीवर मुलींना सामान्य ज्ञान शिकवायला लागले. वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या आठ-नऊ जणी येतात. समोर तुमच्या वह्या असतात. लाकूड डेपोतल्या लिलावाच्या जुन्या याद्या घरी आणून, त्यांच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहून, सुतळीने शिवलेल्या त्याच. एका बाजूला सागाची लांबी-गोलाई, दुसऱ्या बाजूला 'वर्धा आणि वैनगंगा मिळून कोणती नदी होते?' मुलींना फार गंमत वाटते.

उन्हाळ्यात एक दिवस मी विचारलं, "महाराष्ट्राचा राज्यपक्षी?"

एकीने सांगितलं, "मोर."

मी म्हटलं, "शाब्बास!"

मग मुलचेऱ्याकडची मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, मोर त देशाचा. आपला हरियल हाय ना? तुम्हीच लिहून देल्लं होतं."

बाबा, मला हरियल आठवला नाही असं नव्हतं. ती तो शब्द म्हणाली तेव्हासुद्धा तो मला नवा वाटला! जणू आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी हसले आणि म्हटलं, "बघत होते, जाग्या आहात की नाही."

आणि लगेच वही मिटली. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुमचं पहिल्यांदा चुकलं, प्राणहिता तुम्ही गोदावरीऐवजी थेट समुद्राला नेऊन मिळवलीत, तेव्हा तुम्हीही असेच हसला होतात. "तुहीच परीक्षा घेऊन राह्यलो होतो, बाई."

त्यानंतर अहेरीचा बाजार. सूप घ्यायला गेले होते. बुरडाच्या बाईसमोर उभी राहिले. ती म्हणाली, "काय पाह्यजे, बाई? सूप का टोपली?" मी म्हटलं, "थांबा हं, सांगते." आणि तशीच पुढे निघाले. पुढे रस्ता आला. एक इकडे जात होता, एक तिकडे. यातला आलापल्लीचा कोणता? पन्नास वर्षं मी या रस्त्यावरून येते-जाते. लोक अंगाला घासून जात होते, कोणी कोंबड्या घेऊन, कोणी मिरच्या घेऊन, आणि प्रत्येकाला आपलं घर कुठे आहे ते ठाऊक होतं. मी एका दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिले. जंगलात वाट चुकली तर काय करायचं ते तुम्ही शिकवलं होतं. बाजारात चुकली तर काय करतात, बाबा?

मनीषाने पाहिलं. "मॅडम, तुमची बस त गेली ना आत्ताच! कुठी चालल्या?"

"तुझीच वाट बघत होते," मी म्हटलं. तोंडातून खोटं किती चटकन निघतं! खरं तेवढं अडकून बसतं.

तिने मला घरी आणलं, चहा करून दिला आणि बाहेर जाऊन रश्मीला फोन केला. मी ऐकत होते. ती आत आल्यावर मी तिच्यावर जाम चिडले. "तुला कोणी सांगितलं होतं गं?"

"कोणीच नाई," ती मान खाली घालून म्हणाली. "माह्या आजीच्या वेळेस बी कोणीच नाई सांगतलं, मॅडम. म्हणून मी सांगतलं."

मी तिला बिस्किटं दिली.

रश्मी चंद्रपूरहून दुसऱ्याच दिवशी आली. "आई, नुसतं दाखवून येऊ. काही निघणार नाही." तिचा आवाज इतका मऊ होता की मला जास्तच भीती वाटली. आपल्या घरात काही निघणार नसलं की आपण ओरडून बोलतो, नाही का?

आता मी काय केलं ते ऐका, आणि रागवा. मी त्या डॉक्टरांच्या परीक्षेची तयारी सुरू केली! मोबाइलवर शोधून प्रश्न काढले. नवी वही केली. रोज सकाळी तारीख, वार, महिना, ऋतू. शंभरातून सात, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, थेट दोनपर्यंत तोंडपाठ, कवितेसारखं. मग डॉक्टर तीन शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी परत विचारतात. मी स्वतःच शब्द निवडले. सूप, नदी, शेकरू. दूध गॅसवर ठेवायचं आणि उकळी आली की आठवायचे. सूप, नदी... बाबा, तिसरा रोज निसटतो. मीच निवडलेला शब्द! आत्ता तो लिहितानासुद्धा वही उघडून बघावी लागली.

आणि आज सकाळी मी पेनने तळहातावर लिहिलं. तारीख. वार. जिल्ह्याचं नाव.

मी! चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली! तिथे नुसती मान वळवली तरी सिस्टर पेपर काढून घ्यायच्या. त्या शाळेतली ती स्पर्धा तुम्हाला आठवते? शेवटच्या प्रश्नापर्यंत मी पहिली होते. "बांबू हे काय आहे?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "झाड!" सिस्टर म्हणाल्या, "गवत." बक्षीस दुसरीला गेलं. वनखात्यातल्या माणसाची मुलगी बांबूवर हरली! हॉस्टेलात रात्रभर रडून मी तुम्हाला किती रागाने पत्र लिहिलं होतं. तुमचं उलट टपाली कार्ड आलं : 'आपल्या खात्याच्या कायद्यात बांबू झाडच हाय. सिस्टर बी बरोबर, तू बी बरोबर. कोण विचारून राह्यलं ते आधी पाहाव.'

तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. थोडी अजूनही वाटते, खरं सांगू? स्पर्धेआधी सांगायला काय झालं होतं!

पुढे कितीतरी वर्षांनी कायदा बदलला आणि शेताबांधावरचा बांबू झाडांतून वगळला. पेपरात बातमी वाचून मी धावत तुमच्या खाटेपाशी आले. "बाबा, सिस्टर जिंकल्या! बांबू आता झाड नाही!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "बांबू कोण?"

तिथेच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला वाटलं, सराव कमी पडतो आहे. शिक्षिकेला दुसरं काय वाटणार? रोज चार वाजता मी तुमचीच वही घेऊन खाटेपाशी बसू लागले. "बाबा, पाच प्रश्न. गौतम बुद्धांचा जन्म कुठे झाला? सांगा ना, हे तर तुम्हाला येतंच!" पाहुणे आले की त्यांच्यासमोरही. तुम्ही चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचात. माझ्या चपलांचा आवाज ऐकला की तुमची बोटं खाटेच्या दोरीत अडकायची. मला ते दिसत होतं, बाबा. मी त्याला आळस म्हटलं.

आणि एक दिवस मला तुमच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा कागद दिसला. ओढून काढला. तुमचं वाकडंतिकडं झालेलं अक्षर. 'मोठी मुलगी कुंदा. शाळेत शिकवते. चारले येते. धाकटा विजय, अहेरी. बायको वारली, तिले हाक मारू नये.'

मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला असाल. मला विसरता येत नाही, आणि आता भीती अशी की हेही एक दिवस विसरेन. मी म्हणाले, "बाबा, कॉपी? कॉपी करून पास झालात तर काय उपयोग?" आणि कागद काढून घेतला.

तुम्ही उठून बसलात. हात जोडलेत. "एक डाव माफ करा, मॅडम."

मी हसले, बाबा! विजयला फोन करून सांगितलं, "अरे, बाबांनी आज मला मॅडम म्हटलं." दोघं बहीणभाऊ हसलो. तो कागद मी चुलीजवळच्या रद्दीत टाकला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आले तेव्हा तुमचा हात रिकाम्या खिशात काहीतरी शोधत होता.

आज सकाळी तळहातावरची शाई बघितली. मी खाली बसले. तुम्ही तेव्हा किती घाबरला असाल! पास होण्यासाठी नव्हतंच ते. मुलगी समोर येईल आणि तिचं नाव आपल्याला सापडणार नाही, तिचा चेहरा पडेल, याची ती भीती. मला रश्मीच्या चेहऱ्याची तशीच भीती वाटते. डॉक्टरांची नाही. खुर्चीत माझ्या शेजारी ती बसलेली असेल, मी चुकेन, आणि ती 'काही नाही गं' म्हणत पर्स उघडून उगाच काहीतरी शोधेल. तेवढं मला बघवणार नाही.

तुम्हाला कोणी खाटेपाशी बसून नुसतं सांगितलं का कधी, की बाबा, मी कुंदा? मी नाही सांगितलं. विचारत राहिले. माफी मागून आता काय होणार, पण मागते.

हात धुतला आहे. शाई पूर्ण गेली नाही, थोडी निळसर आहे.

तुम्हाला वचन देते. परवा जाताना काहीही पाठ करणार नाही, काही लिहून नेणार नाही. येईल ते सांगेन. येणार नाही तिथे रश्मीच्या देखत 'मला माहीत नाही' म्हणेन. 'परीक्षा घेत होते' असं म्हणणार नाही. भीती गेलेली नाही. भीतीसकटच जाईन.

आणि अजून अक्षर हातात आहे तोवर कोणाला काय द्यायचं ते इथेच लिहून ठेवते. हे पत्र मी उघड्यावर, टेबलावर ठेवणार आहे, म्हणजे रश्मी वाचेल.

वह्या मनीषाला. तिची भरती होईपर्यंत वर्गही तिनेच घ्यावा. वह्यांत चुका सापडल्या तर खोडाव्यात, बाबांना वाईट वाटणार नाही.

माझ्या विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या विजयच्या बायकोला. विजयला डॉक्टर जे सांगतील ते, त्याच दिवशी, जसंच्या तसं. 'ताई बरी आहे' असं त्याला कोणी कळवू नये.

रश्मीला घराच्या किल्ल्या. मी कुठे राहायचं हे तिने ठरवावं. मी तेव्हा नाही म्हणेन, भांडेन, कदाचित वाईटसाईट बोलेन. ते माझं म्हणणं धरू नये, हे आजचं धरावं. आणि माझ्यावर चिडायची तिला मोकळीक आहे.

मला एकच द्या. माझ्या खोलीत जो येईल त्याने 'ओळखा पाहू' म्हणू नये. दारातच सांगावं, मी रश्मी, तुझी मुलगी. दिवसातून दहा वेळा आलीस, तर दहाही वेळा.

तुमची,
कुंदा