मेनवर थेट नाही

२ जून, सोमवार

परत पाठवलं! सगळंच्या सगळं!

चार दिवस राबून बावीस फायली बदलल्या, एका दणक्यात वर चढवल्या. सोबत चिठ्ठी लिहिली — "बदल केले." दहा मिनिटांत धम्मदीपचं उत्तर — "काय बदललं? काहून बदललं? उद्या बिघडलं तर बावीस फायलींत कुठं शोधू?"

अरे, फुकट काम करून राहिली मी! दिवसभर रामदासपेठेतल्या ऑफिसात एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करायचे आणि संध्याकाळी यांचं हे सॉफ्टवेअर. नाव 'वेळेवर'. सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या पेशंटना रक्त चढवायची पुढची तारीख मोबाइलवर कळवतं. आम्ही सहा जण मिळून लिहितो, सगळ्यांचा कोड एकाच ठिकाणी. सुरू केलं धम्मदीपने. मौद्याला शाळेत गणित शिकवतो. दिसतंच ते.

४ जून, बुधवार

आज चिठ्ठी लिहिली — "आता नीट केलं." तीही परत. "आधी काय वाकडं होतं?" — म्हणे. मास्तर तो मास्तरच!

८ जून, रविवार

आमच्यातल्या रितिकाने तासभर फोनवर शिकवलं. कॉलेजात आहे अजून, पण धीराची.

"मेनवर थेट नाही जायचं वं, दिपालीताई. मेन म्हणजे मूळ प्रत. तिथूनच पेशंटले खरे मेसेज जातात. आपली वेगळी ब्रांच, म्हणजे नक्कल, काढायची, तिथं काय मोडायचं ते मोड. मंग दुसऱ्याले दाखव. त्यानं हो म्हटलं, तरच मेनमधी."

आणि एका वेळी एकच काम. बावीस फायलींचं गाठोडं नाही!

सरळ आहे. मग आधी कोणी सांगितलं का नाही? — सांगितलं होतं. मी वाचलं नव्हतं.

१४ जून, शनिवार

मंजूर!! तीन ओळी! चिठ्ठी — "आडनाव नसलेल्या पेशंटला मेसेज जात नव्हता. आता जातो." धम्मदीपने लिहिलं — "मस्त." एवढंच. पण मी ते चारदा वाचलं.

आईला सांगितलं. "तीन ओळीले पंधरा दिवस? तेवढ्यात मी बरणीभर लोणचं घातलं!"

२३ जून, सोमवार

ऑफिसातही फायलींना 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरी फायनल' अशी नावं देणं बंद केलं. सर डोळे मोठे करून पाहत होते.

२८ जून, शनिवार

एकच ओळ होती. मेसेजमध्ये '25/7' असं रुक्ष येतं, त्याऐवजी '२५ जुलै' यावं. करून पाहिलं, बरोबर आलं. छान दिसतं!

धम्मदीप चुलतबहिणीच्या लग्नात, रितिकाची उद्या परीक्षा. एका ओळीसाठी कोणाला थांबायचं? टाकलं थेट मेनवर.

२९ जून, रविवार

सकाळी नऊला आठवड्याचे मेसेज गेले. अकराला लकडगंजच्या वच्छलाबाईंचा फोन. त्यांची मुलगी पिंकी एकोणीस वर्षांची, आमच्या यादीतली.

"पिंकीले आठ जुलैले बलावलं होतं ना वं, बाई? मोबाइलवर तं सात ऑगस्ट आलं. महिनाभर कशी थांबन पोरगी? आताच पाय दुखून राहिले तिचे."

8/7. माझ्या ओळीने आधीचा आकडा महिना म्हणून वाचला. पंचविसावा महिनाच नसतो, म्हणून काल बरोबर आलं! सात सोडून एक ते बारा तारखेचे सगळे उलटे. यादी काढली — एक्केचाळीस जण.

मग एक गोष्ट केली, ती फक्त इथं लिहिते. माझी कालची नोंद कोडच्या इतिहासातून पुसून टाकायची कमांड टाइप केली. बोट एंटरवर. कोणालाच कळलं नसतं, सर्व्हर गडबडला म्हटलं असतं.

पण मग चूक नेमकी कुठली, हेही कोणाला कळलं नसतं. आणि बाकी चाळीस जणांना कोण शोधणार होतं?

कमांड खोडली. कालची ओळ सरळ मागे घेतली, दिसेल अशी. चिठ्ठी — "तारीख-महिना उलटा झाला. मी, दिपालीने, कोणाला न दाखवता थेट मेनवर टाकलं. ४१ जणांना चुकीची तारीख गेली. तो बदल मागे घेतला आहे." तीच ग्रुपवर टाकली आणि डोळे मिटून बसले.

धम्मदीपचा फोन. मागे बँडचा गोंगाट.

"रडून राहिली का?"

"नाही." (रडत होते.)

"नवा मेसेज पाठव. पण दोन मेसेज पाहून लोकं कोणता खरा मानतीन? फोनच करा लागते. वीस नंबर मले पाठव."

लग्नाच्या मांडवातून केले त्याने वीस फोन! उरलेले आई, बाबा आणि मी, आम्ही तिघांनी. बाबा स्टेशनवर गाडी पुकारावी तसे — "कृपया ध्यान द्या, आपली तारीख पाच जुलै आहे!" पाचपर्यंत चाळीस जण झाले. एक राहिला — श्रीधर, मौद्यापलीकडच्या गावचा. तारीख २ जुलै. फोन बंद.

३० जून, सोमवार

धम्मदीप शाळा सुटल्यावर मोटरसायकलने गेला. श्रीधरचा मोबाइल दुरुस्तीला होता, त्याने काही पाहिलंच नव्हतं. परवा येतोय. एक्केचाळीस!

आता मेनला कुलूप. दोघांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर जाणार नाही, धम्मदीपचंही नाही. मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे ना?

"तुह्यामुळं नाही वं. मीबी दोनदा केलं हेच. फरक इतकाच का तू सांगितलं."

९ जुलै, बुधवार

पिंकीला काल रक्त मिळालं. आज तिचा आवाजी मेसेज — "ताई, आता पाय नाही दुखून राहिले. ते सॉफ्टवेअरचं मलेबी शिकवा ना!" रविवारी येते म्हणाली.

२० जुलै, रविवार

गेल्या आठवड्यात सिकलसेलचं तपासणी शिबिर होतं. कामाला गेलो होतो, तर आम्ही तिघांनीही तपासायला रक्त दिलं. आज रिपोर्ट आले. बाबा वाहक. आई वाहक. मीही. वाहकाच्या रक्तात दोष असतो, त्याला स्वतःला काही होत नाही. पण आईबाप दोघंही वाहक असले, तर मूल सिकलसेल घेऊन जन्मू शकतं; तान्हेपणी आधी हातपाय सुजतात.

आईने तिन्ही रिपोर्ट एकाखाली एक मांडले. मग म्हणाली, "हातपाय सुजत होते तिचे. लोकं म्हणत, नजर लागली."

माझ्याआधी एक मुलगी होऊन गेली, एवढंच मला माहीत होतं. आज नाव कळलं. पल्लवी. सव्वादोन वर्षांची होती.