शिव्यांचं मूळ आणि नेमसिंगचा समेट

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ

गावात आग लागली आहे. विझवणारा एकच: तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. म्हणजे मी.

प्रकरण असं. वामनरावच्या ट्रॅक्टरनं वळताना नेमसिंगच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तूर चिरडली. नेमसिंगचा इंद्रजित तिथंच होता. पोरगं तापट. चार लोकांसमोर वामनरावला 'भाडखाऊ' म्हणून मोकळं झालं. वामनराव तडक ठाण्यात निघाले. मी रस्त्यात आडवा झालो. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले, मग तक्रार.

इंद्रजितचं पोलीस भरतीत नाव लागलंय. चारित्र्य पडताळणी कधीही येईल. तक्रार गेली की नोकरी गेली. त्याची आई शीला अंगणात येऊन रडली. म्हणे, "काकाजी, पोरगं रोज पहाटे धावून धावून वाळलं हो." मी म्हटलं, निश्चिंत राहा.

इंदूबाई (आमचं कुटुंब) म्हणते, तुमी मधात पडू नका. तिला संशोधनाचं काय!

दुपार

उपाय सापडला. शिवीचा मूळ अर्थ कळला की शिवीतलं विष जातं. बाभुळगावच्या जिनिंगात काट्यावर कापूस तोलता तोलता मी जन्मभर शब्दही तोलत आलो. उदा. बदमाश. माष म्हणजे उडीद. बद म्हणजे खराब. खराब उडीद विकणारा! नालायक: बैलाला नाल ठोकण्यापुरताच लायक. भाडखाऊ: भाड्यावर पोट भरणारा. वामनराव ट्रॅक्टर भाड्यानंच देतात. म्हणजे पोरानं शिवी दिलीच नाही, धंदा सांगितला.

प्रकरण मिटल्यात जमा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

खात्री करायला यवतमाळला वाचनालयात गेलो. जाडजूड जुना कोश काढला.

बदमाश: फारसी 'बद', अरबी 'मआश' म्हणजे उपजीविका. वाईट मार्गानं पोट भरणारा. उडदाचा उल्लेख नाही. कोशकारांना शेतीचा अनुभव नसावा.

नालायक: 'ना' म्हणजे नाही. बस. बैल कुठंच नाही.

भाडखाऊ: भाड म्हणजे वेश्येची कमाई. ती खाणारा.

कोश मिटला. टेबलामागच्या ग्रंथपाल बाईंनी पान पाहिलं नसावं. जुन्या पुस्तकात छपाईच्या चुका फार. गावात बोलायचं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा उपाय. पहिला रद्द नाही, हा जोडीला.

वामनराव आणि नेमसिंग लहानपणी एकत्र गुरं चारलेले. जात वेगळी, पण जीव एक. भेटले की हा म्हणणार, "काय बे मुडद्या." तो म्हणणार, "आला का हलकट." बाप असे बोलणार तर पोरं काय शिकणार? तंट्याचं मूळ इथंच आहे.

दोघांच्या घरी वेगवेगळा गेलो. समितीची बैठक घेऊन समेट करू, तोपर्यंत 'बे' बंद. शिवी बंद. 'आपण' म्हणायचं, नावाला 'जी' लावायचं. दोघांनी मान्य केलं. नेमसिंग म्हणाला, "पोरासाठी तुमी म्हणसान ते करतो, काकाजी."

११ ऑक्टोबर, शनिवार

यश! टपरीवर दोघं समोरासमोर आले. मी होतोच. नेमसिंग हात जोडून म्हणाला, "नमस्कार वामनरावजी, आपण कसे आहात?" वामनरावनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आपल्या कृपेनं." आणि चहा तसाच टाकून गेले. किती सभ्य! टपरीवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दुपारी वामनराव घरी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "काकाजी, पोराची शिवी एखाद्या वेळी पोटात घातली असती. पण आज त्याच्या बापानं मले 'आपण' म्हटलं. जन्मात म्हटलं नोयतं. आता कायची दिवाळी? बैठक झाली की मी ठाण्यातच जातो."

मी समजावलं की ही प्रगती आहे. ते पाणीही न पिता गेले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शीलाचा फोन. गुरुवारी पोलीस पडताळणीला येतात. बैठक बुधवारी ठेवली. रात्रभर छातीत जळजळ. वांग्याची भाजी तिखट होती. इंदूबाई म्हणते, सगळ्यायनं तेच खाल्लं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ

बैठक ग्रामपंचायतीत. सगळा गाव. नेमसिंग घामानं ओला. इंद्रजित भिंतीला चिकटलेला.

मी संशोधन मांडलं. म्हणालो, भाडखाऊ म्हणजे भाड्यानं ट्रॅक्टर देणारा प्रामाणिक व्यावसायिक. मागं कोणीतरी फिसकन हसलं. वामनराव उठले. "म्हंजे काकाजीच्या हिशोबानं मी भाडखाऊच!" पायात चप्पल घातली. निघाले.

मी घाईनं नेमसिंगला खूण केली: 'आपण' म्हणून विनंती करा. तो उभा राहिला. "वामनरावजी, आपण..." वामनराव दारात पोचले. आणि नेमसिंग गरजला:

"थांब बे मुडद्या! जातं कुठी? तुह्याच मांडीवर वाढलं ना हे पोरगं? मार त्याले, तोड त्याले, पण पोलिसाजोळ काहून जातं बे?"

मी डोळे मिटले. संपलं सगळं.

उघडले तर वामनराव वळलेले, डोळ्यांत पाणी. "उघडलं का तोंड, हलकटा! इतके दिवस आपण-आपण करून राह्यला. मले वाटलं, माहा नेमसिंग मेला."

इंद्रजितनं पाय धरले. वामनरावनी पाठीत एक दणका घातला. "मले शिवी द्याचा हक्क तुह्या बापाचा. तुहा नाही. समजलं? आन् उद्या सायबायले चहा माह्या घरी."

थोडक्यात, संशोधन कामी आलं. 'हरामखोर'वरचा भाग वाचायचा राहिला. लोक उठले होते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पडताळणी नीट झाली. दिवाळीचा फराळ दोन्ही घरून आला. शीलानं माझ्या पाया पडून डबा दिला.

चार दिवस एक विचार जात नाही. काल इंदूबाईला विचारलं, मला या गावात कधी कोणी शिवी दिली का? म्हणाली, "तुमाले कोन देईन? तुमी मोठे माणूस." चांगल्या मनानं म्हणाली.

आज ठरवून टपरीवर गेलो. दोघं तिथंच, एकमेकांची आयमाय काढत, खिदळत. मी जवळ जाऊन नेमसिंगच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणालो, "काय बे, नेमसिंग!"

हसणं थांबलं. नेमसिंग उठून उभा राहिला. वामनरावनी आपली खुर्ची पुसून माझ्याकडे सरकवली. नेमसिंग हात जोडून म्हणाला, "काकाजी, आमचं काही चुकलं का?"

म्हटलं, नाही. बसलो. त्यांनी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला.