अबोध मनाचा पहिला फटकारा

३ जानेवारी १९७१
निर्णय पक्का. राहात्याच्या शाळेत सतरा वर्षं वस्तुचित्र शिकवलं. घडा, पुस्तक, लिंबू. कंटाळलो बुवा! मुंबईच्या एका मासिकात वाचलं, खरं चित्र काढायचं नसतं, ते अबोध मनातून हातात उतरतं. पुढच्या महिन्यात नगरला प्रदर्शन. नाव कळवून टाकलं. हे जमलं नाही तर रिटायर होईपर्यंत लिंबूच.

७ जानेवारी
पडवीत हार्डबोर्ड टेकवला. डोळे मिटले. मन रिकामं केलं. हात सोडला. डोळे उघडले तर वर मधोमध 'श्री'. सुबक. लहानपणापासूनची खोड, श्री काढल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही.
मुक्ता चहा घेऊन आली. छान आलंय, आता खाली काय लिहिणार, म्हणाली. बायकोला अबोध मन समजावणं अवघड.

९ जानेवारी
दुसरा बोर्ड. डाव्या हाताने. पुन्हा श्री, पण पहिलीतल्या पोरासारखं. म्हणजे मन बालपणापर्यंत पोचलं. प्रगती आहे.

१४ जानेवारी
आज ब्रश नाही. डब्यातून रंग सरळ फेकला. निम्मा पहिल्या बोर्डावर, निम्मा शेजारच्या साळूबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. लई शिकलं की असंच व्हतं, असं ती मुक्ताला माझ्यादेखत म्हणाली. दुर्लक्ष केलं. श्री रंगाखालून दिसतंच आहे.

२२ जानेवारी
हेडमास्तर याकोब सर आले. बराच वेळ पाहिलं. श्री मुद्दाम ठेवलंय का, विचारलं. म्हटलं, आतून आलंय. नको असेल तर खरवडा की, म्हणाले.
ते गेल्यावर उलथनं घेतलं. हात उचलेना. श्री खरवडायचं कसं? पाप-बिप मी मानत नाही. तरी नको.
उलथनं जागेवर ठेवलं. आता चित्र असंच जाणार.

६ फेब्रुवारी
सतरंजीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून चित्र नगरला. संयोजक आसाराम यांनी ते पाहताच हात जोडले. सर्वांत पुढे ठेवतो, म्हणाले. मुक्ताला घरी येऊन सांगितलं, नोकरी सोडायची मनाची तयारी ठेव. तिने फक्त दिवा बारीक केला.

८ फेब्रुवारी
उद्घाटन. चित्र खरोखरच सर्वांत पुढे. दारातल्या टेबलावर. हार, हळदकुंकू, दोन उदबत्त्या. पाहुण्यांनी समोर नारळ फोडला. आसाराम म्हणाले, पूजनाला काहीच नव्हतं, तुमची पाटी अगदी वेळेवर आली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, सवयीने.
आतल्या भिंतीवर माझं नाव कुठेच नव्हतं. रडू आलं. बरोबर आलेल्या मुक्ताने येताना प्रसादाचं खोबरं हातात दिलं.

९ फेब्रुवारी
पहिला तास, सहावी ब. घडा, पुस्तक, लिंबू मांडलं. आज फळ्यावर श्री काढायचं नाही, नुसतं चित्र, असं ठरवलं. खडू धरून उभा राहिलो. सुरुवातच होईना. मागून पोरं ओरडली, सर, श्री राहिलं.
काढलं. वेलांटी छान आली.